टेंगाच्या केंद्रीय विद्यालयात रुजू होताना

अरुणाचलमधल्या टेंगाची ऑर्डर आली की तिकिटाआधी कागद बघा. एखादा राहिला तर त्यासाठी गावी जाऊन यायला आठवडा मोडतो.

ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो, राज्याच्या नोकरीसाठी काढलेला चालत नाही. भटक्या-विमुक्तांपैकी बऱ्याच जाती केंद्रात ओबीसीत येतात, त्यांनीही तो वेगळा काढावा. झेडपीतून येणाऱ्यांचा अर्ज मुळात ‘थ्रू प्रॉपर चॅनल’, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत गेलेला हवा. राजीनाम्यात ‘तांत्रिक’ हा शब्द असू द्या, नाहीतर मागची सेवा धरून घेणं अवघड होतं. कार्यमुक्तीचा आदेश आणि एलपीसी (शेवटच्या पगाराचा दाखला) हातात घेऊनच निघा. एनपीएसचा (राष्ट्रीय पेन्शन योजनेचा) प्रान, म्हणजे खाते क्रमांक, जुनाच चालतो. नव्याचा फॉर्म कुणी पुढे केला तरी भरू नका. दोन प्रान झाले की ते निस्तरताना वर्गणी अडकते.

इनर लाइन परमिट, म्हणजे अरुणाचलमध्ये शिरायचा परवाना, ऑनलाइन मिळतं. नाव आधारवर आहे अगदी तसंच टाका, बायकामुलांचंही काढा आणि छापील प्रत वर ठेवा, कारण आसामच्या हद्दीवरच्या भालुकपाँगच्या गेटवर ती दाखवावी लागते. ते ठरावीक दिवसांचंच असतं. पुढच्या मुदतीसाठी रुजू झाल्या झाल्या शाळेकडून पत्र घ्या.

मुंबईहून रेल्वेने गुवाहाटीला पोचायला दोन दिवसांच्या वर लागतात. पुढे बसने तेजपूर, साधारण 180 किलोमीटर. तिथे मुक्काम करा, कारण बोमदिलाकडे जाणाऱ्या शेअर सुमो पहाटेच सुटतात. जागा आदल्या संध्याकाळी धरावी. टेंगा बोमदिलाच्या अलीकडेच लागतं. सामान टपावर जातं आणि ताडपत्री असली तरी कडेच्या बॅगा भिजतात. मूळ प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर ठेवा. जून ते सप्टेंबर दरडी कोसळतात, म्हणून रुजू होण्याच्या तारखेआधी किमान दोन दिवस हाताशी हवेत. अडकलातच तर त्याच दिवशी प्राचार्य आणि विभागीय कार्यालय, दोघांनाही ईमेल करून लेखी मुदतवाढ मागा. फोनवरच्या ‘या, काही हरकत नाही’वर विसंबू नका.

पीआरटीचं (प्राथमिक शिक्षकाचं) मूळ वेतन 35,400 रुपये आहे, पण पहिला पगार कागदांच्या पडताळणीत रेंगाळू शकतो. दोन महिन्यांचा खर्च जवळ असू द्या. हिंदीवर सगळं भागतं. ज्वारीचं पीठ मात्र तिथे मिळेल असं धरू नका, घरूनच न्या. गॅसची टाकी आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, म्हणजे तिकडे नव्याने अनामत भरताना आधीची परत मिळालेली असेल.