आईच्या डच माहेरी जाण्याआधी
जळगाव-धुळ्याहून निघण्याआधी घरीच ‘वी-वास-वी’ (WieWasWie) या नेदरलँड्सच्या जुन्या कौटुंबिक नोंदींच्या संकेतस्थळावर पणजीला शोधा, तेही माहेरच्या आडनावानं; तिकडच्या दप्तरात लग्नानंतरही तेच राहतं. आधी लग्नाची नोंद काढा. वधूवरांचं वय, कामधंदा, दोघांच्या आईवडिलांची नावं, सगळं एकाच कागदावर मिळतं. याहून मोलाचा कागद नाही. बहुतेक गावांत १८११ पासून सरकारी नोंदी आहेत, त्याआधीचं चर्चच्या वह्यांत. जन्माची नोंद १०० वर्षांनी, लग्नाची ७५, मृत्यूची ५० वर्षांनी खुली होते. थडग्याची जागा बहुधा मुदतीची असते. मुदत वाढवली नाही तर दगड हटवतात, म्हणून दफनभूमीत आधी विचारून घ्या. मामांकडे वेळ ठरवूनच जा. खव्याचे पेढे नेऊ नका, तिकडे बाहेरून दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. आपले केळीचे वेफर्स न्या.