टायर नाही ना, मग दोरी गुंडाळा

दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौज मलायात (आजच्या मलेशियात) उतरली तेव्हा त्यातले हजारो सैनिक चक्क सायकलींवर होते. ऊन आणि सामानाचं वजन असं की ट्यूब फटाफट फुटायच्या, दुरुस्त करत बसायला वेळ कोणाकडे, म्हणून त्यांनी टायर काढून फेकले आणि नुसत्या रिमवर सायकली दामटल्या. रात्री डांबरी रस्त्यावर त्या लोखंडी रिमांचा एकत्र खडखडाट ऐकून समोरच्या ब्रिटिश फौजेला वाटायचं रणगाडे आले! आणि गंमत बघा, ज्या रस्त्यांवरून हे बिनटायरचे चालले होते त्यांच्या दोन्ही बाजूंना मैलोगणती रबराचे मळे होते.

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि जगाच्या रबराचा नळच बंद झाला. अमेरिकेला लागणारं साधारण ९० टक्के रबर याच भागातून यायचं. तिथे जानेवारीतच टायर रेशनवर गेले होते. पुढे ताशी ३५ मैलांच्या वर गाडी पळवायची नाही असा नियम आला आणि पेट्रोललाही रेशन लागलं, ते सुद्धा देशभर लावलं ते पेट्रोल कमी होतं म्हणून नाही तर लोकांनी गाड्या कमी चालवाव्या आणि टायर कमी झिजावे म्हणून. जून १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने घरात पडलेलं जुनं रबर द्या म्हणून सांगितलं, पौंडाला एक सेंट भाव, तर लोकांनी पंपावर नेऊन बूट, रेनकोट, पाण्याचे पाइप, काय काय टाकलं. साडेचार लाख टनांच्या आसपास ढीग जमला पण त्यातून चांगला टायर होईल असा माल कमीच होता.

पण अमेरिकेची टंचाई म्हणजे तशी श्रीमंताघरची टंचाई. खरी कसोटी युरोपात लागली. हॉलंडमध्ये तर अख्खा देश सायकलवर, वरून जर्मनांचा ताबा, आणि १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मनांनी सायकलीही जप्त करायला सुरुवात केली. उरलेल्या सायकलींना लोकांनी जे हाताला लागलं ते बांधलं. बागेला पाणी द्यायचा पाइप रिमच्या मापाने कापून गुंडाळला, जुन्या मोटारच्या टायरच्या पट्ट्या कापून लावल्या, लाकडाचे ठोकळे लावले, दोरी लावली. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात शहरातल्या बाया असल्या सायकली घेऊन खेड्यापाड्यात बटाटे मागत फिरल्या, आणि पाइपचं कसं असतं ना की कुठेतरी जोड येतोच, तो जोड खाली आला की चाकाच्या दर फेऱ्याला एक हिसका. कित्येक किलोमीटर. थंडीत. उपाशीपोटी.

असल्या गोष्टी वाचल्या की लोक लगेच ‘वा काय जुगाड’ म्हणतात, मला ते पटत नाही. ज्याला त्यावर बसायचं होतं त्याला विचारा.

आमचे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये (कापड गिरणीत) होते, इतवारीतून सायकलने जायचे. लढाईच्या दिवसात नवीन टायर मिळेना आणि मिळाला तर भाव ऐकून परत यायचं, मग त्यांनी फाटक्या टायरमध्ये चिंध्या ठासल्या. मिलमध्ये असल्यामुळे चिंध्यांची काय कमी! ते सांगायचे की खरी मेहनत चिंध्या सारख्या भरण्यात होती. एका जागी जास्त झाल्या की तिथे टेंगूळ यायचं आणि सायकल खेचराच्या चालीने चालायची, कमी झाल्या की रिम थेट दगडावर. पावसाळ्यात तर चिंध्या पाणी प्यायच्या, चाक जड व्हायचं, आणि घरी आल्यावर टायरमधून काळं पाणी ओसरीवर ठिबकायचं, त्यावरून आजी बोलायची ते वेगळंच. तरी चेन होती, पायडल होतं, पायी जाण्यापेक्षा बरं, असं ते म्हणायचे, आणि लगेच मांडीचं हाड दाखवून इथपर्यंत दणका यायचा हेही सांगायचे.

एक गोष्ट मला सारखी जाणवते, या सगळ्यांनी रबराला पर्याय शोधला, हवेला कोणालाच सापडला नाही. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने पोराच्या तीनचाकीला हवेची नळी बसवली, त्याच्या आधी चाकावर भरीव रबर होतंच की! फरक पडला तो आतल्या हवेमुळे. लाकूड, दोरी, चिंध्या हे सगळं रिमला जमिनीपासून वर ठेवतं, तेवढंच. आपल्या बैलबंडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असते, ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओतलं की आकसून अशी आवळते की चाक सात जन्म सुटायचं नाही, पण बसणाऱ्याचं काय होतं ते बंडीत बसलेल्याला माहीत. टायरच्या गाड्या आल्यावर बैल सुखावले आणि माणसंही.

त्यातल्या त्यात हवेच्या जवळ गेले ते पहिल्या महायुद्धातले जर्मन. नाकेबंदीमुळे रबर बंद, तर त्यांनी सायकलला आतबाहेर अशा दोन रिमा घेतल्या आणि मधे सोफ्यात असतात तशा बारक्या स्प्रिंगा बसवल्या. डोकं खरं लावलं. पण पोलाद ते पोलाद, ओल्या रस्त्यावर पकड नाही आणि आवाज तर विचारूच नका.

आपल्याकडे मात्र उलटा कारभार. तिकडे कशाचाही टायर केला, इकडे टायरचं काहीही करतो. टायरची चप्पल, टायरचं घमेलं, झोका, आणि उन्हाळ्यात पोट्टे रस्त्यावर काडीने टायर पळवतात ते आहेच. आमच्या सक्करदऱ्याकडच्या पंक्चरवाल्याला मी मागे विचारलं, भाऊ हा टायर गेला का पुरा? तर म्हणे, "काहून गेला बा, गेटर टाकून देतो ना, चालन अजून." आणि त्याने दुसऱ्या मेलेल्या टायरचा तुकडा कापून, कडा घासून पातळ करून, फाटलेल्या जागी आतून असा बसवला की बोट फिरवलं तरी कळू नये. मे महिन्यात सिमेंटच्या रस्त्यावर तो गेटर टिकलाही, आता बोला.

लढाई संपेपर्यंत अमेरिकेने पेट्रोलियम आणि धान्याच्या अल्कोहोलपासून कृत्रिम रबर काढलं, १९४४ मध्ये सात लाख टनांच्या वर, आणि दोरीबिरी सगळं विसरलं गेलं. रशियाने मधे एका पिवळ्या फुलाच्या झाडाच्या मुळांतून रबर काढायचा उद्योग केला होता, तोही मागे पडला. स्प्रिंगवाली कल्पना मात्र मेली नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ वाल्यांनी चंद्रावर जी गाडी चालवली तिची चाकं तारेच्या जाळीची होती, हवा नाही, रबर नाही. आता मोठमोठ्या कंपन्या बिनहवेच्या टायरच्या मागे आहेत, मधे प्लास्टिकच्या लवचिक पट्ट्या, पंक्चरच नाही म्हणतात.

चंद्रावर ठीक आहे, तिथे पाऊस पडत नाही. जुलैत उमरेडकडच्या एखाद्या पांदण रस्त्यावर आणा म्हणा ते चाक, आपली काळी माती त्या पट्ट्यांमध्ये एकदा घुसली की काडीने कोरून काढत बसायचं, आणि ते काम काही पंक्चरवाला करत नाही.