एकोणतीस समोच्च रेषा

वाईत भूगोल शिकवण्यात माझी 23 वर्षे गेली. स्थलनिर्देशक नकाशा फळ्यावर टांगायचा, समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, एकमेकींना खेटून आल्या की उतार तीव्र आणि लांब लांब गेल्या की उतार मंद, हे दरवर्षी नव्या वर्गाला सांगायचे आणि शाळा सुटली की स्कूटीवरून घरी यायचे, असा तो क्रम. चढ आला तर मूठ थोडी जास्त पिळावी लागते, यापलीकडे ज्या वाहनाला उताराची जाणीव नाही, त्यावर बसून हिंडणाऱ्या बाईला स्वतःला उतार कितपत कळला असेल, ही शंका मला या मे महिन्यापर्यंत कधी आली नव्हती.

1 मे रोजी निकाल लावले आणि दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला जाऊन सायकल घेतली. राखाडी रंगाची, पुढे तीन आणि मागे सात चक्रांची, म्हणजे हिशेबाने 21 गिअरची, आणि अरुंद टायरची. कॅरिअर नव्हते, ते वेगळे पैसे देऊन बसवून घेतले, कारण कॅरिअर नसलेली सायकल आमच्या पिढीला अर्धवटच वाटते. भावाच्या टेम्पोतून ती घरी आली, आणि पहिल्या सकाळी मी आळीतून बाहेर पडले तेव्हा तीन वेगवेगळ्या घरांतून एकच चौकशी झाली, "स्कूटी बिघडली का, बाई?"

मे महिन्यात आमच्याकडे सायकलीचे वेळापत्रक सूर्य ठरवतो. सहाच्या सुमारास तो उगवतो आणि नऊ वाजता डांबर तापू लागते, त्यामुळे सव्वापाचला उठणे आणि अंधुक उजेडात दार ओढून घेणे भागच पडते. पहिले आठ दिवस मी मेणवलीपलीकडे गेले नाही. गावापासून ते जेमतेम तीन किलोमीटर. हा रस्ता सपाट आहे, असे मी आजवर ठामपणे सांगितले असते. सायकलीने दुसऱ्याच दिवशी ते खोटे ठरवले. जाताना मांड्या भरून येत आणि येताना पायडल न मारताही सायकल आपोआप पळत असे. आधी मला वाऱ्याचा संशय आला, मग चाकाच्या हवेचा. कृष्णा धोमकडून वाईकडे वाहते, आम्ही नदीच्या वरच्या अंगाला निघालो आहोत, म्हणजे रस्ता चढाचा असणारच, एवढी साधी गोष्ट भूगोलाच्या शिक्षिकेला चार दिवसांनी सुचली, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

मेणवलीचा घाट सकाळी सहा वाजता पाहावा. नाना फडणविसांच्या वाड्यामागून पायऱ्या नदीकडे उतरतात आणि पाण्याशी चंद्रकोरीसारख्या वळतात. काळ्या दगडात रात्रीचा गारवा उरलेला असतो, आणि सायकल भिंतीला टेकवून खालच्या पायरीवर बसले की तो थेट पाठीपर्यंत चढतो. मी वही आणि दोन पेन्सिली बरोबर नेत असे. चित्रकला मला येत नाही, पण घाटाच्या पायऱ्या काढताना एक गंमत ध्यानात आली, की त्यासुद्धा समोच्च रेषाच आहेत. एका उंचीच्या दगडांची एक ओळ, तिच्या खाली दुसरी. धोम धरणातून पाणी सोडले की खालच्या ओळी दिसेनाशा होतात आणि आवर्तन संपले की पुन्हा वर येतात. नदीची पातळी मोजायला याहून सोपी पट्टी सापडणार नाही, आणि मी मात्र वर्गात इतकी वर्षे पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून टेकडी करीत बसले.

घाटावरच्या लहानशा दगडी देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिकडच्या घंटा मराठी मुलुखातल्या देवळांत आल्या, त्यांतली ही एक. भीमाशंकरलाही अशीच एक आहे. पाहुण्यांना घेऊन मी इथे अनेकदा आले असेन, पण तेव्हा घंटा दाखवायची, वाडा दाखवायचा आणि मिसळीला निघायचे, एवढीच फुरसत असे. यंदा मी तिच्याजवळ बसून समोरच्या झाडातला तांबट पक्षी ऐकला. ठराविक लयीतली त्याची टुक-टुक आणि अधूनमधून तार सप्तकात चढत जाणारा कोकीळ, यांखेरीज साडेसहापर्यंत तिथे आवाज नसतो. नंतर धुणी येतात, मोटारसायकली येतात, आणि मग आपण निघावे.

दुसऱ्या आठवड्यात धोमपर्यंत मजल गेली. तिथल्या नरसिंह मंदिराच्या आवारात कमळाच्या आकाराचे कुंड आहे, त्यात एक भलेमोठे दगडी कासव, आणि त्या कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या डोक्याचे मला दरवेळी कौतुक वाटते. जलाशयाच्या काठावर पंख पसरून वाळत बसलेले पाणकावळे दिसले, तारेवरून झेप घेऊन माशी टिपणारे आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसणारे वेडे राघू दिसले. दुर्बीण मी नेत नाही. पायी जाणारा माणूस दिसला की वेडा राघू उडतो, पण सायकलवरच्या माणसाला तो बराच जवळ येऊ देतो, असा माझा तरी अनुभव आहे.

याच रस्त्यावर पहिले पंक्चर झाले. करवंदांच्या मोहाने मी सायकल कच्च्या वाटेवर घातली, करवंदे अजून हिरवी निघाली, आणि बाभळीचा काटा मागच्या चाकात बसला तो वेगळाच. पाऊण तास सायकल ढकलीत एका पंक्चरच्या दुकानाशी पोहोचले. दुकानदाराची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे चहा आधी आला आणि चाक नंतर उघडले गेले. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवली, बुडबुडे जिथून आले तिथे खूण केली, जागा कानशीने घासली, सोल्यूशन लावले, ते सुकेपर्यंत फुंकर घातली आणि मग ठिगळ दाबून बसवले. टायरच्या आतून बोट फिरवून त्यांनी मोडका काटा शोधून काढला. तो आत राहिला असता तर गावात पोहोचायच्या आत दुसरे पंक्चर झाले असते.

खरी अडचण पुढे आली. कॉम्प्रेसरचे तोंड माझ्या सायकलच्या व्हॉल्वला बसेना. अरुंद टायरच्या नव्या सायकलींना बारीक, लांबट व्हॉल्व असतो, आणि कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या जाड व्हॉल्वसाठी असतो. मधे बसवायची पितळी टोपी साताऱ्याच्या दुकानदाराने आठवणीने दिली होती आणि ती आठवणीनेच माझ्या कपाटात राहिली होती. "बाई, ह्याला आपली हवा जायची न्हाई," असे म्हणून ते बराच वेळ व्हॉल्वकडे पाहत राहिले. मग आत जाऊन कोळ्यांची जाळी झटकत त्यांनी जुना, दोन्ही हातांनी मारायचा पंप आणला. साध्या काळ्या सायकलींच्या काळातला. व्हॉल्वच्या टोकाची इवलीशी चकती सैल केली, पंपाची चाप लावली, आणि हवा सरळ आत गेली. जुन्या सायकलींच्या व्हॉल्वचे टोक जाडीला जवळपास एवढेच असते, ही जुळणी आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हती. त्यांनी पैसे घेतले नाहीत. मुलीचा भूगोल कसा होता, एवढे मात्र विचारले, आणि मी खरे सांगितले नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट मनात घोळू लागला. नकाशावर हिशेब सोपा आहे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 720 मीटरवर आणि पाचगणी सुमारे 1,300 मीटरवर. मधले अंतर साधारण 12 किलोमीटर. वीस मीटरला एक या मानाने वाटेत 29 समोच्च रेषा ओलांडायच्या. शंभर मीटर पुढे गेले की सरासरी पाच मीटर वर, म्हणजे वर्गात ज्याला आम्ही मध्यम उतार म्हणून सोडून देतो तसा. पण वाईपासून पसरणीपर्यंतचा भाग त्या मानाने सौम्य आहे आणि त्याची कसर घाट भरून काढतो, हे सरासरी सांगत नाही.

पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव. तिथून पुढे रस्ता डोंगराला बिलगतो. पहिल्या प्रयत्नात मी चुकीच्या वेळी गिअर बदलला. चढावर पायडलवर सारा भार असताना चक्र बदलायला गेले, आणि चेन खटकन उतरली. काडीने ती बसवेपर्यंत दहाही बोटे काळी झाली आणि दम निघून गेला. निम्म्या वाटेवरून मागे फिरले. येताना नाक्यावर रसवंतीवाल्याने ग्लास पुढे करताना माझ्या हातांकडे पाहिले आणि पाण्याचा तांब्याही पुढे केला.

चार दिवसांनी पुन्हा गेले. या वेळी चढ यायच्या आधीच पुढचे सर्वांत लहान आणि मागचे सर्वांत मोठे चक्र लावले, आणि घाई करायची नाही असे ठरवले. या गिअरमध्ये पाय भराभर फिरतात आणि सायकल मात्र पायी चालणाऱ्याच्या वेगाने सरकते. वरून उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकचा जळका वास येतो. कठड्यावरची माकडे आपल्याकडे फार रोखून पाहतात, कारण आपल्याकडे काच नाही हे त्यांना कळते. दोन बाटल्यांपैकी एकीत मी कोकमाचे सरबत मीठ घालून नेले होते, ते पाचव्या थांब्यावर संपले. त्या वळणावरून खाली पाहिले तर धोमचा जलाशय, पांडवगड आणि मधून जाणारी कृष्णेची बारीक रेघ. मेणवलीचा रस्ता मला तिथून ओळखू आला, आणि खरे सांगायचे तर इतक्या उंचीवरून तो अगदी सपाट दिसत होता.

पाचगणीत सिल्व्हर ओकची झाडे सुरू झाली तेव्हा आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. टेबललँडवर जायचे त्राण नव्हते. रस्त्याकडेला तुतीची टोपली घेऊन बसलेल्या मावशींकडून हंगामाच्या शेवटच्या तुती घेतल्या, अर्ध्या तिथेच उभ्याने खाल्ल्या आणि उरलेल्या पुडीत बांधून कॅरिअरला लावल्या.

उतरताना दोन्ही ब्रेक आलटून पालटून दाबावे लागतात, नाहीतर डिस्क तापते. तळहात अखडले, चष्म्यामागे डोळ्यांत पाणी आले, आणि चढायला लागलेल्या वेळाच्या एक तृतीयांश वेळात मी पुन्हा पसरणीच्या नाक्यावर होते. रसवंती नुकतीच उघडली होती. तुतीची पुडी फुटून जांभळा रस कॅरिअरवरून मागच्या मडगार्डवर ओघळला होता आणि कुडत्याच्या पाठीवरही त्याचा डाग पडला होता.

"एवढ्या सकाळी वर कशाला गेला होतात, बाई?" रसवंतीवाल्याने विचारले.

"तुती आणायला," मी म्हणाले.

त्याने चिंबलेल्या पुडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता आले-लिंबू जरा जास्त घालून ऊस चरकात सारला.