सोलापुरात प्रवाळांच्या टाकीसाठी स्वस्तातला दिवा

जिथे नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्या गावात बैठकीच्या खोलीत खारे पाणी भरून प्रवाळ पाळण्याच्या माझ्या बेतावर घरच्यांचा जो अभिप्राय होता, तो येथे लिहिण्याजोगा नाही. टाकी दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद-उंच आहे. वाळू-दगड वजा जाता तिच्यात साधारण 100 लिटर पाणी मावते. काच, पंप आणि मीठ यांचा हिशेब पटकन जुळला, मात्र दिव्यापाशी मी दोन महिने अडलो, कारण नावाजलेल्या परदेशी दिव्यांच्या किमती माझ्या 8,000 रुपयांच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे होत्या.

प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवाले राहतात आणि प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देतात, त्यामुळे येथे दिवा हा शोभेचा नसून जेवणाचा प्रश्न असतो. समुद्राच्या पाण्यात लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो आणि निळा खोलवर पोचतो. म्हणूनच 420 ते 460 नॅनोमीटरच्या पट्ट्यातला निळा प्रकाश भरपूर असलेला दिवा लागतो. घरातली पांढरी एलईडी पट्टी डोळ्यांना लख्ख वाटली, तरी या पट्ट्यात ती बरीच तोकडी पडते.

दिवा पाहण्याआधी टाकीत काय ठेवणार हे ठरवावे, असे माझे मत आहे. आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने अर्धा सोडवून ठेवला आहे, कारण खडक बांधणारी कठीण प्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि कोणी ती देऊ केली तरी हात लावू नये. मी मश्रूम, झोआ आणि लेदर या नावांची मऊ प्रवाळेच ठेवली. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश 'पार' (PAR) या मापात मोजतात. मश्रूमला 50 ते 100 पार पुरतो आणि लेदर 100 ते 150 पारमध्ये सुखाने वाढते, तर कठीण प्रवाळांच्या अनेक जातींना 200 ते 350 पार लागतो. महागडे दिवे मुख्यतः या शेवटच्या आकड्यासाठी असतात. आपल्याला तो नकोच असेल, तर त्याचे पैसे का मोजावेत? मोबाइलमधल्या लक्स ॲपवर मात्र विसंबू नये, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्यानुसार हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला झुकते माप देते आणि निळा प्रकाश त्यात फारच कमी मोजला जातो.

शेवटी मी 55 एलईडींचा, निळ्या आणि पांढऱ्यासाठी वेगळी बटणे असलेला काळा चौकोनी दिवा मागवला. खोक्यावर 165 वॅट छापले होते, पण वीज मोजणाऱ्या प्लगवर पूर्ण उजेडातही 108 च्या पुढे आकडा सरकला नाही. एलईडी प्रत्येकी तीन वॅटची म्हणून 55 गुणिले तीन, असा हा छापील हिशेब असतो. सध्या निळा 50 टक्के आणि पांढरा 10 टक्के ठेवला की साधारण 45 वॅट लागतात, म्हणजे रोज नऊ तासांप्रमाणे महिन्याला सुमारे 12 युनिट. सुरुवात मात्र 25 टक्क्यांपासून करून महिनाभरात हळूहळू वाढवली, कारण एकदम जास्त प्रकाश पडला तर प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकून पांढरे पडते.

सोलापुरात खरी परीक्षा उष्म्याची असते. बाहेर पारा 43 वर असताना टाकीचे पाणी 28 अंशांच्या वर जाऊ न देणे हे काम आहे, आणि मेटल हॅलाइडचा जुना दिवा कोणी फुकट दिला तरी तो येथे परवडत नाही, कारण तो स्वतःच एक शेगडी असतो. आपली हवा कोरडी असल्यामुळे पाण्यावर साधा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. दमट मुंबईत हा उपाय इतका लागू पडत नाही. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी मात्र आरओचे गोडे पाणीच घालावे लागते, कारण मीठ टाकीतच राहते.

पहिल्याच मे महिन्यात दिव्यातला पंखा बंद पडला. विक्रेत्याने 'पाण्याने खराब झाला' म्हणत हात झटकले. शेजारच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी झाकण उघडले, पात्यांवरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि विचारले, "साहेब, दिव्यात मीठ कुठून आलं हो?" पाण्याचे तुषार उडून वाळले होते. त्यांनी संगणकातला 12 व्होल्टचा पंखा बसवून दिला. मी दिवा पाण्यापासून एक फूट वर टांगला, त्याखाली अॅक्रिलिकचा पत्रा लावला आणि वायरीला प्लगच्या खाली झोळ दिला, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत न जाता खाली टपकतो.

उन्हाळ्यात आता दिवा दुपारी पाचला लागतो आणि रात्री दोनला विझतो. प्रवाळाला घड्याळ कळत नाही आणि खोली तोवर थंडावू लागलेली असते. आईची तक्रार एवढीच, की जेवताना या उजेडात ताटातली शेंगाचटणी काळी दिसते.