बकुळेच्या चिपचे दोन आकडे आणि लांबलेला प्रवास

पुण्याहून जर्मनीला कुत्रा नेणे फार अवघड असते, असे मला अनेकांनी सांगितले होते. स्वतः त्यातून पार पडल्यावर माझे मत असे झाले आहे की नियम स्पष्ट आहेत, ते पाळता येतात आणि त्यांच्यामागे कारणही आहे. आम्हाला जो त्रास झाला तो नियमांचा नव्हता. दवाखान्यात भरलेल्या एका फॉर्मवर दोन आकड्यांची अदलाबदल झाली, आणि ती दुरुस्त करून देण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ती मनावर घेतली नाही. त्या दिवसांचा राग अजूनही पूर्णपणे गेलेला नाही, आणि हे सविस्तर लिहिण्याचे कारणही तेच आहे.

बकुळा ही आमची शिह त्झू जातीची कुत्री. वजन सहा किलोच्या आसपास, नाक बसके, डोळे मोठे आणि किंचित बाहेर आलेले. ही जात मुळात तिबेटची. पुढे चिनी राजवाड्यांत माणसांच्या सोबतीसाठी ती जोपासली गेली. राखणीची किंवा शिकारीची कामे या कुत्र्यांकडून कधी अपेक्षितच नव्हती. त्यांना माणूस लागतो. माझ्या पतींची नोकरी फ्रँकफर्टला ठरली तेव्हा बकुळेला कोणाकडे तरी ठेवून जाण्याचा सल्ला देणाऱ्यांना मी एकच उत्तर दिले, की ती येणार नसेल तर मीही येणार नाही.

युरोपीय संघाच्या यादीत रेबीजच्या दृष्टीने सुरक्षित मानलेले देश आहेत, आणि त्या यादीत भारत नाही. त्यामुळे आपल्याकडून जाणाऱ्या कुत्र्यासाठी क्रम ठरलेला असतो. आधी आंतरराष्ट्रीय मानकाची पंधरा आकडी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची, ओळख क्रमांक असलेली बारीक चिप), त्यानंतर किंवा त्याच दिवशी रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना, त्या नमुन्याची युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत टायटर चाचणी, आणि नमुना घेतल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांची प्रतीक्षा. या चाचणीत रक्तातील, लसीमुळे तयार झालेल्या प्रतिपिंडांचे प्रमाण प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते. चिपच्या आधी दिलेली लस या हिशेबात धरली जात नाही, म्हणून ज्यांच्या कुत्र्याला चिप नाही त्यांनी जुने लसीकरणाचे पुस्तक दाखवून वेळ घालवू नये. चिप बसवून लस पुन्हा द्यावी आणि तिथून दिवस मोजावेत.

तीन महिन्यांच्या प्रतीक्षेवर बरेच जण चिडतात, मी चिडले नाही. रक्त घेण्याच्या आधीच कुत्र्याला संसर्ग झालेला असेल तर त्याची लक्षणे दिसायला हा काळ दिलेला आहे, आणि रेबीज काय असतो हे आपल्याकडे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. चिप, लस आणि रक्ताचा नमुना हे सारे आमच्या नेहमीच्या दवाखान्यात सुरळीत झाले. सीरम, म्हणजे रक्तातून वेगळा काढलेला द्रव, कुरिअरने युरोपात गेले, अहवाल आला, प्रमाण आवश्यकतेपेक्षा बरेच वर होते. माझे पती कामावर रुजू होण्यासाठी पुढे गेले, भाड्याचे घर सोडले, आणि बकुळेला घेऊन मी माहेरी येऊन राहिले.

प्रवासाच्या आरोग्य प्रमाणपत्राचा मसुदा भरण्यासाठी मी मुद्दाम दुसऱ्या, या कामाचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा काय केले असेल, तर स्कॅनर काढून बकुळेच्या मानेमागे फिरवला आणि पडद्यावर आलेला आकडा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी लसीचे पुस्तक पाहत होते, त्यांच्या मदतनीस अहवाल पाहत होत्या. पुस्तकात शेवटून तिसरा आणि चौथा आकडा ६३ होता. अहवालात ३६. डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन केले. पुन्हा ६३. मग ते शांतपणे म्हणाले, “ताई, कागदोपत्री ही चाचणी तुमच्या कुत्रीची नाही.”

प्रयोगशाळेला पाठवलेल्या फॉर्मची प्रत माझ्याकडे होती. ती काढून पाहिली, तेव्हा तिच्यावर दवाखान्यातील सहायकाच्या हाताने लिहिलेला आकडा ३६ असाच होता. म्हणजे प्रयोगशाळेने जे आले तेच छापले होते आणि त्यांचा यात काहीही दोष नव्हता.

मी त्याच संध्याकाळी पहिल्या दवाखान्यात गेले. तिथल्या सहायकाचे पहिले वाक्य होते, “मॅडम, दोन आकडे इकडचे तिकडे झाले तर काय होतंय? कोण बघतंय?” मी सांगितले की फ्रँकफर्टला कस्टमचा माणूस बघतो, त्याच्या हातात स्कॅनर असतो, आणि आकडा जुळला नाही तर कुत्र्याला परत पाठवणे किंवा आपल्या खर्चाने विलगीकरणात ठेवणे हे त्यांच्या अधिकारात असते. त्यावर त्याने अहवालावर पेनाने आकडा दुरुस्त करून शिक्का मारून देण्याची तयारी दाखवली. हे कोणीही, कोणत्याही परिस्थितीत करू देऊ नये. प्रयोगशाळेच्या अहवालावर दुसऱ्या कोणी खाडाखोड केली की तो अहवाल बाद समजावा, आणि त्याहून वाईट म्हणजे तो बनावट असल्याचा संशय आपल्यावर येतो.

प्रयोगशाळेला मी ईमेल पाठवले. त्यांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले, आणि ते अत्यंत नीट होते. नमुना पाठवणाऱ्या डॉक्टरांनी आपल्या लेटरहेडवर, सही आणि नोंदणी क्रमांकासह, फॉर्म भरताना आकडा चुकल्याचे लिहून द्यावे, सोबत चिप बसवल्याची नोंद जोडावी, आणि मग ते नळीवरचा तपशील तपासून सुधारित अहवाल देता येईल का ते ठरवतील. पत्र डॉक्टरांकडूनच यायला हवे, कुत्र्याच्या मालकाचे पत्र चालणार नाही.

त्या चार ओळींच्या पत्रासाठी मी जे हेलपाटे घातले त्यांची आठवण आजही मला अस्वस्थ करते. डॉक्टर शस्त्रक्रियेत आहेत, डॉक्टर जेवायला गेले आहेत, डॉक्टर लग्नाला गावी गेले आहेत, लेटरहेड संपले आहे आणि छापायला टाकले आहे. मी पत्राचा मजकूर स्वतः टाइप करून नेला, तर तो वाचून बघायला वेळ नाही असे उत्तर मिळाले. शेवटी डॉक्टर भेटले तेव्हा त्यांचा मुद्दा असा होता की चूक झाल्याचे लिहून दिले तर दवाखान्याचे नाव खराब होईल, त्यापेक्षा रक्त पुन्हा काढू, पैसे घेणार नाही. ते अगदी औदार्याच्या सुरात बोलत होते. रक्त पुन्हा काढले की तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून तिचे त्यांना काही वाटत नव्हते. यातले काहीही खरे असले तरी मला ते अक्षम्य वाटते. जो दवाखाना परदेशी जाणाऱ्या प्राण्यांची कामे घेतो आणि त्याचे वेगळे पैसे आकारतो, त्याला ही प्रक्रिया पाठ असायला हवी.

आणि उशिराची झळ माणसापेक्षा कुत्र्याला जास्त बसते, हे इथे सांगितले पाहिजे. बसक्या नाकाच्या जातींना श्वासाचा मार्ग आखूड आणि अरुंद असतो. धापा टाकून अंग थंड करणे हाच कुत्र्याचा मुख्य उपाय, आणि तोच त्यांना नीट जमत नाही. म्हणूनच अनेक विमान कंपन्या शिह त्झू, पग, बुलडॉग यांना सामानाच्या कक्षात घेतच नाहीत. बकुळेसाठी केबिन हा एकच मार्ग होता, आणि केबिनसाठी पिशवीसह ८ किलोंची मर्यादा होती. आम्ही थंडी संपता संपता निघणार होतो, ते एप्रिल उलटला. तिला दुपारभर फरशीवर, पंख्याखाली ठेवायचे, फिरायला सकाळी लवकर आणि रात्री उशिरा न्यायचे, केस बारीक कापून घ्यायचे, आणि आई तिला प्रेमाने तुपाची पोळी भरवत असे ती थांबवायची, अशी सगळी कसरत चालू होती. दर रविवारी तिला पिशवीत घालून वजन करत असू.

पत्र मिळाले ते माझ्या मोठ्या भावामुळे. तो दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसला आणि पत्र हातात पडेपर्यंत उठणार नाही, असे त्याने नम्रपणे सांगितले. आवाज चढवला नाही. दुपारी पत्र टाइप झाले, सही झाली, शिक्का बसला.

आमचे नशीब असे की सीरमच्या नळीवर हाताने लिहिलेले नव्हते. चिपच्या पाकिटात क्रमांकाचे बारकोड असलेले छोटे स्टिकर येतात, त्यांपैकी एक रक्त काढणाऱ्या मुलीने नळीवर चिकटवले होते. प्रयोगशाळेने जपून ठेवलेली नळी काढून तो क्रमांक पाहिला, तो ६३ होता, आणि त्यांनी मूळ तारीख कायम ठेवून सुधारित अहवाल दिला. तो ईमेल वाचून मी आणि आई दोघी रडलो. तीन महिने केव्हाच उलटून गेले होते, त्यामुळे आता निघायला मोकळीक होती. म्हणून माझे प्रत्येकाला सांगणे आहे की स्टिकर नळीवर, फॉर्मवर आणि लसीच्या पुस्तकावर, तिन्ही ठिकाणी चिकटवून घ्या. हाताने पंधरा आकडे लिहू देऊ नका. आणि नमुना कुरिअरला जाण्यापूर्वी तुमच्यासमोर कुत्र्याला स्कॅन करून एकाने आकडा वाचावा आणि दुसऱ्याने फॉर्मवर बोट ठेवून पाहावे. फॉर्मवर मालकाचे नावही पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने असावे.

पुढचे सगळे लवकर झाले. केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण आणि प्रमाणन सेवेच्या मुंबई कार्यालयाने कागद तपासले, बकुळेला पाहिले आणि प्रमाणपत्र दिले. हे प्रमाणपत्र दिल्याच्या तारखेपासून युरोपीय संघातील प्रवेशाच्या तपासणीपर्यंत १० दिवस चालते, म्हणून तिकीट आधी ठरवून मग ते घ्यावे. तिकिटाबाबत एक गोष्ट राहिली. केबिनमध्ये एका विमानात मोजकेच प्राणी घेतात, तेव्हा आधी फोन करून कुत्र्याची जागा निश्चित करावी आणि त्यानंतरच आपले तिकीट काढावे. प्रमाणपत्रावर ज्याचे नाव आहे त्याच्या प्रवासाच्या आगेमागे पाच दिवसांच्या आत कुत्र्याचा प्रवास व्हावा लागतो, हेही लक्षात ठेवावे.

झोपेचे औषध मागू नये. बसक्या नाकाच्या कुत्र्याला गुंगी दिली आणि विमानात श्वास अडखळला, तर मदतीला कोणी नसते. त्याऐवजी पिशवीची सवय लावावी. मी बकुळेची पिशवी कित्येक आठवडे घरात उघडी ठेवली होती, तिचे जेवणही तिच्यातच होत असे, त्यामुळे रात्रीच्या विमानात ती माझ्या पायांशी जवळपास सगळा वेळ झोपली. निघण्यापूर्वी काही तास जड खाणे दिले नव्हते, पाणी थोडे थोडे देत होते. सुरक्षा तपासणीत पिशवी यंत्रातून जाते आणि कुत्र्याला कडेवर घेऊन चालावे लागते, त्या वेळी अंगात हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, असावा. एरवीही या जातीला गळपट्ट्याला दोरी लावून ओढू नये. मानेवर ताण आला की डोळ्यांवर दाब येतो, आणि यांचे डोळे खोबणीत उथळ असतात. विमानातील कोरड्या हवेसाठी डॉक्टरांनी सांगितलेले डोळ्यांत घालायचे थेंब मी हाताशी ठेवले होते आणि ते उपयोगी पडले.

फ्रँकफर्टला विमानतळावर, कस्टमला काही दाखवायचे असणाऱ्यांसाठीच्या लाल मार्गिकेतून जाऊन कस्टमला कुत्रा दाखवावा लागतो. अधिकाऱ्याने स्कॅनर फिरवला, आकडा पाहिला, अहवालावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवला. शेवटून चौथ्या आकड्याशी त्याचे बोट आले तेव्हा माझा श्वास अडकला होता. त्याने मान हलवली आणि कागद परत दिले.

इथे आल्यावर पालिकेत कुत्र्याची नोंद करून वार्षिक कर भरावा लागतो. त्याच सुमारास स्थानिक पशुवैद्याकडून युरोपीय संघाचे प्राण्यांचे पारपत्र करून घ्यावे आणि टायटर चाचणीची नोंद त्यात भारतात सुट्टीला जाण्यापूर्वीच करून घ्यावी, म्हणजे परतताना तीन महिन्यांची अट लागत नाही. मात्र त्यासाठी रेबीजच्या लसीची मुदत एकदाही उलटता कामा नये. मुदत उलटून एक दिवस जरी गेला तरी ती लस नव्याने सुरू केल्यासारखी धरतात आणि रक्ताची चाचणीही पुन्हा करावी लागते. बकुळेची पुढची तारीख आमच्या फ्रिजवर लावलेली आहे, आणि लस देताना स्कॅनर फिरवल्याशिवाय मी सुई टोचू देत नाही.