फिलिपिनो लग्नात काय, कधी आणि किती वेळ वाजवायचं

जहाजावरच्या किंवा आखातातल्या नोकरीमुळे अनेक मराठी मंडळींना फिलिपिनो सहकाऱ्यांच्या लग्नाचं आमंत्रण येतं, आणि गाता-वाजवता येत असेल तर संगीताची जबाबदारीही येते. अशा वेळी आवडत्या गाण्यांची यादी करायला बसू नका. आधी माणसं मोजा.

कॅथलिक लग्नात वधूच्या आधी मोठी मिरवणूक चर्चमध्ये शिरते. वर आणि त्याचे आईवडील, मग निनोंग-निनांग म्हणजे लग्नाचे वडीलधारे साक्षीदार जोडीजोडीने, त्यामागे मेणबत्ती, ओढणी आणि दोर सांभाळणारी तरुण जोडपी, करवले-करवल्या, अंगठ्या, नाणी आणि बायबल आणणारी मुलं, शेवटी फुलं टाकणाऱ्या मुली. निनोंग-निनांगच्या 10 जोड्या असणं अजिबात नवलाचं नाही. एकूण 20 जोड्या धरा. दर 10 सेकंदांनी एक जोडी निघाली आणि वाट चालायला 40 सेकंद लागले, तर जवळपास 4 मिनिटं होतात. तीन मिनिटांचं गाणं मध्येच संपतं आणि उरलेल्या जोड्या शांततेत, अवघडून चालतात. म्हणून आठ-आठ मात्रांचे तुकडे फिरवून वाजवता येतील अशी वाद्यरचना घ्यावी आणि दार दिसेल अशा जागी एका वादकाला बसवावं. वधूसाठी धून वेगळी. दार बंद होऊ द्या, थोडं थांबा, दार उघडताच ती सुरू करा.

पुढचा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो, आणि गोंधळही इथेच जास्त होतो. वचनं आणि अंगठ्या झाल्यावर वर वधूच्या ओंजळीत 13 नाणी ओततो. हे आर्रास. स्पॅनिश काळापासून चालत आलेली ही प्रथा असून, मिळवलेलं सगळं तुझ्या हाती, असा तिचा भाव आहे. नाणी लहान मुलाकडे सुटी देऊ नयेत, झाकणाच्या डबीत द्यावीत. एखादं नाणं फरशीवर पडलं तर मायक्रोफोन तो खणखणाट सगळ्या चर्चला ऐकवतो. ती ओतताना हलकं गिटार पुरे. गायन नको, कारण वधूवर तेव्हा बोलत असतात.

मग बेलो, म्हणजे पांढरी ओढणी. ती वराच्या खांद्यावर आणि वधूच्या डोक्यावर टाचतात. वराने बारोंग, म्हणजे पातळ कापडाचा फिलिपिनो सदरा, घातलेला असतो आणि तो अननसाच्या पानांच्या धाग्याचा असेल तर फार नाजूक. टाचणी मधल्या कापडात खुपसली की धागा ओढला जातो, म्हणून ती खांद्याच्या शिवणीतच लावायची. ओढणीवर युगाल, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोर, दोघांच्या खांद्यांवर ठेवतात. जड मण्यांचा दोर घसरतो आणि आखूड असला तर दोघांना गुडघे टेकताना ओढ बसते. आदल्या दिवशी एकदा घालून, गुडघे टेकून पाहावं. मेणबत्त्या ओढणीपासून दूर ठेवाव्यात. हे विधी नेमके कधी करायचे यात चर्चागणिक फरक पडतो, तेव्हा पाद्रींना विचारूनच वादकांचा क्रम लिहावा. टाचायला अर्धं मिनिट लागेल की दोन, हे कुणीच सांगू शकत नाही. इथेही फिरवता येणारी रचनाच कामाला येते.

मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, प्रेमगीतं चालत नाहीत. बहुतेक चर्चमध्ये यादी आधी मंजूर करून घ्यावी लागते, आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात तर वाद्यं फक्त गायनाला साथ म्हणून वाजतात. हे बंधन मला योग्यच वाटतं. प्रेमगीतांना मेजवानीत भरपूर जागा आहे.

मेजवानीत शक्य असेल तर रोंडाल्या बोलवा. बांदुर्रिया, लाउद, ऑक्टाविना, गिटार आणि मोठा बास असा हा तारवाद्यांचा ताफा. फिलिपिनो बांदुर्रियाला 14 तारा असतात, सहा गटांत. वरच्या तीन गटांत तीन-तीन, पुढच्या दोनांत दोन-दोन, खालची एकटी. तारेचा नाद लगेच विरतो, म्हणून लांब सूर नखीच्या भरभर कंपनाने टिकवतात. दमट हवेत तारांचा सूर हलतो, त्यामुळे दोन गाण्यांच्या मध्ये सूर लावायला वेळ सोडावा. दोनशे माणसांच्या गजबजाटात मायक्रोफोनशिवाय हा ताफा ऐकूच येत नाही. पहिल्या नृत्याला कुंडिमान, म्हणजे फिलिपिनो प्रेमगीत, घ्यावं. तीन मात्रांचा ठेका, सुरुवात मायनर स्वरांत आणि उत्तरार्ध मेजरमध्ये. ते वळण आलं की चेहरे खुलतात. निकानोर आबेलार्दो (1893–1934) आणि फ्रान्सिस्को सांतियागो यांनी या प्रकाराला मैफलीचा दर्जा दिला.

नंतर पैशांचं नृत्य. पाहुणे रांगेने येतात, वधू किंवा वरासोबत थोडं नाचतात आणि कपड्यांवर नोट लावतात. दोन रांगांत 40-40 जण आणि प्रत्येकी 20 सेकंद धरले तरी 13 मिनिटं लागतात, म्हणजे चार-पाच गाणी सलग जोडून ठेवावी लागतात. टाचण्यांऐवजी आडवी फीत आणि चिमटे वापरा. 2022पासून 1000 पेसोची पॉलिमर नोट चलनात आहे. तिला एकदा भोक किंवा चीर पडली की ती सहज फाटत जाते. शिवाय 1973च्या हुकूमानुसार फिलिपिन्समध्ये नोटा विद्रूप करणं गुन्हा आहे.

सामार आणि लेइते बेटांवरच्या वाराय लोकांत याच जागी कुरात्सा नाचतात. पुरुष मागे लागतो, बाई हुलकावणी देते आणि पाहुणे जमिनीवर पैसे टाकतात, त्याला गाला म्हणतात. फिलिपिन्सच्याच बिकोल भागात पांतोमिना नाचतात, कबुतरांच्या प्रणयाची नक्कल. दोन्हींत नाचणाऱ्यांकडे बघून वाजवावं लागतं, तयार ध्वनिमुद्रणाने जमत नाही. गाला येत राहील तोवर वादकांनी थांबायचं नसतं. आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, नोटाच टाका. नाणं पायाखाली आलं तर नाचणारा घसरतो.