निमुळतं तोंड कुणीकडं होतं?

परवा दुपारी जेसीबीवर काम करणारे एक मामा संग्रहालयाच्या दारात आले. खांद्यावर गोणपाटात बांधलेलं ओझं. "सर, ठेकेदार फेकून द्या म्हणू लागला. मला जुनं दिसू लागलं म्हणून आणलं." आत खापराचा नळ होता. हातभर लांब, एक तोंड रुंद, दुसरं निमुळतं, जोडाला चुन्याची कड अजून चिकटलेली.

खिडकीशी नेऊन आत पाहिलं. पाण्यातल्या क्षाराचा थर एका बाजूला बोटभर जाड, समोरच्या बाजूला जवळजवळ नाहीच. म्हणजे हा नळ वर्षानुवर्षं अर्धाच भरून वाहत होता. तळ कुठला तेही त्या थरानंच सांगितलं. अशी वस्तू हातात आली की मला जेवणाची आठवण राहत नाही.

साहेब म्हणाले, "मलिक अंबरची नहर असं लिहून टाका." नहर म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा जुना कालवा. मला पटलं नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, त्यानं 1610 मध्ये खडकी वसवली, तिला नहरीनं पाणी आणलं, हे खरं. तो 1626 मध्ये गेल्यावर मुलगा फतेहखानानं तिचं फतेहनगर केलं, 1653 मध्ये औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. पण नहरी अंबरनंतरही बांधल्या गेल्या, पाणचक्कीचं पाणी वेगळ्याच नहरीचं. इथं जन्मलेली शिकलेली माणसंसुद्धा सगळं एकाच नहरीच्या खात्यावर टाकतात. नळ कुठल्या नहरीचा, हे खोली, उतार आणि दिशा कळल्याशिवाय सांगता येत नाही. जागेची नोंद नसली की उरतं ते नुसतं खापर.

मामा तीनदा म्हणाले, "सर, चला ना, संध्याकाळपर्यंत बुजवणार हायेत." मी अर्ज भरून घेत बसलो. आधारची झेरॉक्स, मग साहेबांची सही, मग बाहेर जायच्या परवानगीचं पत्र. आमच्याकडे पत्राशिवाय पाऊल उचलत नाहीत, आणि मीही त्याच सवयीत मुरलोय.

साडेपाचला मामांच्या मोटारसायकलवर पोचलो तेव्हा मुरमावरून रोलर फिरून गेला होता.

मला काही सुचेना. मामांनी काडी उचलली आणि मुरमावर रेघ मारली. "रस्ता असा. नळ असा, रस्त्याला आडवा. बारीक तोंड तिकडं, त्या लिंबाकडं." लिंब दक्षिणेला होता. निमुळतं तोंड सहसा पाणी जायचं त्या बाजूला ठेवतात, पुढच्या नळाच्या रुंद तोंडात बसवायला. म्हणजे पाणी उत्तरेकडून, हर्सूलच्या अंगानं येत होतं. "किती खाली होतं मामा?" त्यांनी छातीवर हात ठेवला. मी टेप लावला, 4 फूट 2 इंच.

नोंदवहीत अशा माहितीला रकानाच नाही. मामांची रेघ कागदावर उतरवून पानाला टाचली. अंबरची नहरही हर्सूलकडूनच यायची, म्हणजे दिशा साहेबांच्या बाजूनं बोलते, हे मान्य. पण हा नळ नंतरच्या एखाद्या शाखेचाही असू शकतो, आणि उतार मोजायचा राहिलाच. फलकाच्या मजकुरात 'काळ' मी कोराच ठेवला. मजकूर दोनदा परत आलाय.

निघताना मामा म्हणाले होते, "बाकीचे पाच-सहा खालीच हायेत, सर. फुटले नसतील तर."

आज सकाळी त्या भागातलं पुढचं खोदकाम कधी आहे ते विचारणारं पत्र दिलंय. मामांचा नंबरही घेऊन ठेवलाय. ह्या खेपेला आधी जागेवर जाणार.